सेवाविषयक प्रश्नोत्तरे : खासगी कामासाठी रजा कोणत्या खात्यातून घ्यावी?

या अंकासाठी सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, मुख्याध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रजेविषयीची आहेत. स्वतःचे आजारपण किंवा बाळंतपण नाही, पण घरचे काम टाळताही येत नाही, अशा वेळी रजा कशी मागावी, हा त्यांतील समान धागा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांना ‘महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१’ लागू होतात, तर खासगी शाळांतील सेवा ही ‘महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांनी बांधलेली असते. उत्तरे वाचताना आपली शाळा यांपैकी कोणत्या वर्गात मोडते, हे वाचकांनी आधी पाहावे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जावळी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षिका आहे. वडिलांच्या पश्चात माहेरच्या शेतजमिनीची वाटणी व्हायची असून त्यासाठी मला तासगावला तलाठी कार्यालय आणि दुय्यम निबंधक कार्यालयात काही दिवस जावे लागणार आहे. माझा भाऊ पुण्यात एका कंपनीत आहे, त्याला ‘पर्सनल लीव्ह’ म्हणून वेगळी रजा मिळते. आम्हा शिक्षकांना अशी रजा आहे का? शिवाय अर्जात ‘घरगुती काम’ एवढेच लिहिलेले मुख्याध्यापकांना चालत नाही, ते सविस्तर कारण मागतात. ते देणे बंधनकारक आहे का?

उत्तर : आपल्या भावाला मिळते त्या नावाचा स्वतंत्र रजाप्रकार आपल्या नियमांत नाही. मात्र त्यावरून खासगी कामासाठी शिक्षकाला रजाच नाही, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. खासगी कामासाठीची पहिली सोय म्हणजे किरकोळ रजा. आपल्याकडील शाळांत ती वर्षाला १२ दिवस मिळते आणि वर्ष संपले की शिल्लक राहिलेली बुडते, पुढे ओढली जात नाही. नियमांच्या भाषेत किरकोळ रजा ही खरे तर ‘रजा’ नव्हेच. त्या दिवशी कर्मचारी कामावर असल्यासारखेच मानले जाते, म्हणून वेतनात कपात होत नाही आणि सेवापुस्तकातील रजेच्या हिशेबातही ती उतरत नाही. तिची नोंद शाळेतील किरकोळ रजेच्या नोंदवहीत होते. याच कारणाने ती दुसऱ्या कोणत्याही रजेला जोडता येत नाही. सोमवारी आणि मंगळवारी किरकोळ रजा व बुधवारपासून अर्धवेतनी रजा, असा अर्ज कोणी केल्यास तो परत येतो आणि सगळे दिवस एकाच दीर्घ रजेत धरावे लागतात. किरकोळ रजेच्या मागे, पुढे किंवा मध्ये येणारा रविवार अथवा सार्वजनिक सुट्टी मात्र रजेत मोजली जात नाही, मात्र अशा जोडणीने होणाऱ्या सलग गैरहजेरीला मर्यादा आहे.

आता कारणाविषयी. रजेच्या अर्जाच्या विहित नमुन्यातच ‘रजेचे कारण’ असा रकाना असल्यामुळे तो रिकामा ठेवता येणार नाही. पण कारण देणे वेगळे आणि घरातील वादाचा तपशील मांडणे वेगळे. ‘वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीच्या दस्तासाठी’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. हिस्सा कोणाला किती मिळणार, बहिणींनी हक्कसोड केली की नाही, या गोष्टींशी मुख्याध्यापकांचा संबंध नाही. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की ‘घरगुती काम’ या दोन शब्दांवरून कामाची निकड कळत नाही, आणि ज्याला त्या दिवशी आपल्या वर्गाची सोय लावायची आहे त्याला निकड जाणून घेण्याचा अधिकार आहे. दस्ताची तारीख ठरली असेल तर ती अर्जात नमूद करावी. दुय्यम निबंधक कार्यालयातील वेळेची पावती हाती असल्यास तिची प्रत जोडावी. तारीख दिसली की बहुतेक मुख्याध्यापक पुढे काही विचारत नाहीत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत चौदा वर्षांपासून कायम शिक्षक आहे. वडिलांवर मिरजेच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर जवळपास महिनाभर त्यांच्याजवळ थांबणे भाग आहे, घरात दुसरे कोणी नाही. किरकोळ रजा संपल्या आहेत. कार्यालयातून सांगण्यात आले की, ‘स्वतःच्या नावाचे मेडिकल आणा, म्हणजे पूर्ण पगारी रजा होईल, नाहीतर बिनपगारी करावी लागेल.’ सहकाऱ्यांचेही मत तेच आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला दिलेला सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो नियमच आहे, अशी अनेकांची समजूत झाली आहे. तो नियम नाही. आपण आजारी नसताना आजारी असल्याचा दाखला देणे म्हणजे खोटा दस्तऐवज सादर करणे होय. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला शंका आल्यास तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडून फेरतपासणी करवून घेऊ शकतो. शिवाय रजेवरून रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे एका खोट्या कागदाच्या पाठोपाठ दुसरा खोटा कागद आलाच.

नैतिकतेचा भाग बाजूला ठेवला, तरी व्यवहारातही हा सौदा तोट्याचा आहे, आणि तो का, हे समजण्यासाठी अर्धवेतनी रजेचा हिशेब पाहावा लागेल. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी कायम कर्मचाऱ्याच्या खात्यावर २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. ही रजा दोन कारणांसाठी घेता येते, एक वैद्यकीय दाखल्यावर आणि दुसरे खासगी कामासाठी. दुसऱ्या कारणाचा नियमांत स्पष्ट उल्लेख आहे, तरीही आपल्याकडे तो जवळजवळ विस्मरणात गेला आहे. ज्या ‘पर्सनल लीव्ह’ची वरच्या प्रश्नात विचारणा झाली, ती आपल्या नियमांत खरे तर येथे बसलेली आहे. आपल्याकडे लोक ‘मेडिकल’ म्हणतात ती रजा म्हणजे हीच अर्धवेतनी रजा परिवर्तित करून पूर्ण वेतनावर घेतलेली असते आणि असे परिवर्तन करताना खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात.

समजा, आपल्या चौदा वर्षांच्या सेवेत २८० दिवस जमा झाले आणि आजवरच्या खऱ्या आजारपणात आपण ४० दिवसांची परिवर्तित रजा घेतली. तिच्यापोटी ८० दिवस वजा होऊन २०० शिल्लक राहिले. आता वडिलांसाठी २५ दिवस खासगी कारणाची अर्धवेतनी रजा घेतल्यास शिल्लक १७५ होईल आणि त्या काळात वेतन अर्धे मिळेल. तेच २५ दिवस खोट्या दाखल्यावर परिवर्तित केले तर वेतन पूर्ण मिळेल, पण ५० दिवस वजा होऊन शिल्लक १५० वर येईल. परिवर्तन वैद्यकीय दाखल्याशिवाय होत नाही (मान्य अभ्यासक्रमासाठीची सवलत सोडल्यास), आणि त्या दाखल्याची खरी गरज पन्नाशीनंतर, गुडघे, साखर आणि हृदय यांची दुखणी सुरू झाल्यावर पडते. तेव्हा खाते रिकामे असलेले अनेक शिक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या सेवापुस्तकाची पाने उलटली की लग्नसराई, घरबांधणी आणि जत्रा यांच्या दिवसांत नेमके ‘आजारी’ पडल्याच्या नोंदी सापडतात.

म्हणून आपण ‘वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेसाठी, खासगी कारणास्तव, अर्धवेतनी रजा’ असे स्पष्ट शब्द वापरून अर्ज करावा. वडिलांच्या रुग्णालयातील प्रवेशाची व शस्त्रक्रियेची कागदपत्रे जोडावीत. ती रजेचा प्रकार बदलण्यासाठी नसून निकड दाखवण्यासाठी असतील. आपल्या खात्यावर अर्जित रजा जमा असेल, तर आधी ती मागावी, कारण तीत वेतन पूर्ण मिळते आणि दाखलाही लागत नाही. शिक्षकाला दीर्घ सुट्टी मिळत असल्यामुळे त्याच्या खात्यावर अर्जित रजा सहसा थोडीच असते, पण सुट्टीत निवडणुकीचे वा अन्य काम केले असेल तर ती असू शकते. याविषयी पुढे एका प्रश्नात लिहिले आहे.

‘बिनपगारी करावी लागेल’ या धमकीविषयी एक नियम लक्षात ठेवावा. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि कामाच्या निकडीमुळे ती नाकारता येते, हे खरे. परंतु देय असलेली व मागितलेली रजा मंजूर करताना तिचा प्रकार मंजुरी देणाऱ्याने आपल्या मर्जीने बदलायचा नसतो. कर्मचाऱ्याने लेखी विनंती केली तरच तो बदलतो. खात्यावर २०० दिवस शिल्लक असताना अर्धवेतनी रजेच्या अर्जावर ‘असाधारण रजा मंजूर’ असा, म्हणजे बिनपगारी रजेचा, शेरा आला, तर आपण लेखी हरकत घ्यावी. वैद्यकीय कारण नसलेली असाधारण रजा केवळ त्या महिन्याचे वेतन खात नाही, तर वेतनवाढीची तारीख पुढे ढकलते आणि निवृत्तिवेतनासाठीच्या सेवेच्या मोजणीतही आड येते. खात्यावर काहीच शिल्लक नसेल, तर कायम कर्मचाऱ्याला पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनी रजेतून फेडण्याच्या अटीवर अनर्जित रजा मागता येते. संपूर्ण सेवेत तिची मर्यादा ३६० दिवसांची असून वैद्यकीय दाखला नसल्यास ती त्याहून बरीच कमी, म्हणजे १८० दिवसांची आहे, आणि त्यातही एका वेळी ९० दिवसांपेक्षा अधिक मिळत नाही. असाधारण रजेचा विचार या सगळ्यानंतर करावा.

अर्ज तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर करून रुग्णालयात निघून जाऊ नये. अचानक जावेच लागले, तर निरोप जरूर पाठवावा, पण दोन दिवसांत सही केलेला अर्ज शाळेच्या आवक नोंदवहीत नोंदवून त्याची पोच घ्यावी. कार्यालयाने पोच नाकारल्यास अर्ज टपालाने पोचदेय पद्धतीने पाठवावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात असे म्हटले आहे की, गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला कर्तव्यच्युती ठरवता येत नाही. आपला हेतू काय होता, हे दाखवायला वेळेवर दिलेला अर्ज आणि त्याची पोच यांच्याइतका चांगला पुरावा नाही.

प्रश्न : मी विटा परिसरातील एका अनुदानित हायस्कूलमध्ये कनिष्ठ लिपिक आहे. मे महिन्यात निकाल, दाखले आणि प्रवेश यांची कामे आम्हीच करतो. मुलीच्या लग्नासाठी वीस दिवसांची रजा मागितली असता, ‘शाळेला उन्हाळी सुट्टी असतेच, वेगळी रजा कशाला’ असे उत्तर मिळाले.

उत्तर : हे उत्तर चुकीचे आहे. दीर्घ सुट्टी शिक्षकांसाठी आहे. लिपिक, ग्रंथपाल, शिपाई हे कर्मचारी त्या काळात कामावर असतात आणि म्हणूनच त्यांना वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते. १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवस आगाऊ जमा होतात व ३०० दिवसांपर्यंत साठवता येतात. ज्या सुट्टीचा लाभ आपल्याला मिळतच नाही, ती दाखवून ही रजा नाकारता येणार नाही. आपण आधी सेवापुस्तकातील रजेचा हिशेब पाहावा. शाळेतील सगळ्यांची सेवापुस्तके लिपिक लिहितो आणि त्याचे स्वतःचे मात्र तीन-तीन वर्षे अपूर्ण असते, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जमा-खर्च पूर्ण करून मुख्याध्यापकांची सही घ्यावी, शिल्लक अर्जात लिहावी आणि लग्नाची पत्रिका जोडून अर्ज पुरेसा आधी द्यावा. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात तारीख येत असेल, तर मात्र मुख्याध्यापकांची अडचण खरी आहे. त्या दिवसांसाठी कामाची व्यवस्था आपणच सुचवलेली बरी.

प्रश्न : मी पलूस तालुक्यात शिक्षक असून मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणूनही काम करतो. उन्हाळी सुट्टीतील बराच काळ मतदार यादीच्या कामात गेला. त्याची भरपाई मिळते का?

उत्तर : मिळते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीचे काम त्या अपवादात बसते, म्हणून ते नाकारता येत नाही. मात्र सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशामुळे ज्याला दीर्घ सुट्टी उपभोगता आली नाही, त्याच्या खात्यावर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होते. हिशेब सोपा आहे. वर्षाची दीर्घ सुट्टी ६० दिवसांची धरली आणि त्यांपैकी २० दिवस आपण कामावर होता, तर ३० दिवसांच्या एक-तृतीयांश, म्हणजे १० दिवस अर्जित रजा होईल.

अडचण हिशेबाची नसून कागदाची असते. तहसील कार्यालयाच्या आदेशात ‘दिनांक अमुकपासून पुढील आदेशापर्यंत’ असे असते आणि काम कधी संपले याचा कागदच कोणी देत नाही. त्यामुळे काम केलेल्या दिवसांचा दाखला निवडणूक शाखेकडून सुट्टी संपण्याआधीच घ्यावा, आणि आदेश व दाखला दोन्ही जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मुख्याध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवावा. दोन वर्षांनी हे शोधत बसल्यास ज्यांनी काम करवून घेतले ते अधिकारी बदलून गेलेले असतात.

प्रश्न : सातारा शहरातील एका स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी चार वर्षे शिकवते. मला सातवा महिना सुरू आहे. ‘आमच्याकडे प्रसूती रजा नाही, आत्ता राजीनामा द्या, जूनमध्ये पुन्हा घेऊ’ असे व्यवस्थापनाकडून सांगितले जात आहे. राजीनाम्याचा मजकूरही टाइप करून ठेवला आहे. सही करावी का?

उत्तर : करू नये. ‘पुन्हा घेऊ’ या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही, आणि पुन्हा घेतलेच तर चार वर्षांची सेवा पुसली जाऊन आपण नव्याने लागलेल्या ठरता. बहुधा त्यासाठीच ही युक्ती केली जाते.

अनुदान नाही म्हणून सेवाशर्तींचा कायदा लागू नाही, असा समज अनेक संस्थाचालक पसरवतात. १९७७ चा अधिनियम, शासनाचे अनुदान घेणाऱ्या व न घेणाऱ्या, अशा राज्यातील सर्व खासगी शाळांना लागू आहे, आणि त्याच्या नियमावलीत स्त्री कर्मचाऱ्यांच्या प्रसूती रजेची तरतूद आहे. याशिवाय मातृत्व लाभाच्या केंद्रीय कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची वेतनी रजा आली. मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम केले असणे, ही तिची अट आहे आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी त्यांपैकी ८ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट आहेत. प्रसूतीच्या रजेवर असताना सेवेतून कमी करणे बेकायदेशीर आहे. न्यायालयांचा कलही स्पष्ट आहे. हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले, तर २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात कराराची मुदत संपली तरी हा लाभ संपत नाही, असे ठरवले. चार वर्षे सलग शिकवणाऱ्या शिक्षिकेची बाजू याहून दुबळी असू शकत नाही.

राजीनाम्याविषयी तर अधिनियमाच्या कलम ७ मध्ये पद्धतच घालून दिलेली आहे. कर्मचाऱ्याने राजीनामा दोन प्रतींत तयार करावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी. ही तरतूद अशाच जबरदस्तीच्या राजीनाम्यांना आळा बसावा म्हणून आहे. कार्यालयात बोलावून, दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर घेतलेली सही या पद्धतीत बसत नाही.

आपण डॉक्टरांच्या दाखल्यासह, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि रजेचा कालावधी लिहून अर्ज करावा. शाळेने घेण्यास टाळाटाळ केली तर नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि एक प्रत जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे शिक्षण उपसंचालकांच्या कोल्हापूर विभागात येतात, तेथेही प्रत पाठवता येईल. इतके करूनही सेवासमाप्तीचा आदेश मिळाला किंवा जूनमध्ये हजेरीपत्रकावर सही करू दिली नाही, तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याची मुदत ३० दिवसांची आहे आणि ती फार लवकर संपते. बाळंतपणाच्या धामधुमीत ही तारीख निसटू नये म्हणून घरातील दुसऱ्या कोणाकडे तरी ती लिहून ठेवण्यास सांगावी.

जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील वाचक भगिनींसाठी पुरवणी म्हणून इतके सांगतो की, राज्य शासनाची प्रसूती रजा २००९ पासून १८० दिवसांची आहे, ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि तिला जोडून दुसरी देय रजा घेता येते.

प्रश्न : बालसंगोपन रजा ही लहान बाळासाठीच असते का? माझी मुलगी दहावीला आहे. (शिक्षिका, कोरेगाव तालुका)

उत्तर : नाही. शासनाच्या जुलै २०१८ च्या निर्णयानुसार ही रजा संपूर्ण सेवेत १८० दिवस मिळते आणि अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत, पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, ती टप्प्याटप्प्याने घेता येते. मुलीच्या दहावीच्या वर्षासाठी ती मागण्यात गैर काही नाही. अडचण एवढीच की, आपण स्वतः दहावीला शिकवत असाल तर नेमक्या त्याच महिन्यांत शाळेलाही आपली गरज असणार आणि मुख्याध्यापक दिवस मागेपुढे करण्यास सांगू शकतील. ज्यांची पत्नी हयात नाही किंवा दुर्धर आजाराने अंथरुणास खिळलेली आहे, अशा पुरुष कर्मचाऱ्यांनाही ही रजा आहे. हे अनेक शिक्षकांना ठाऊकच नसते आणि कार्यालयही आपणहून सांगत नाही.

प्रश्न : कृष्णेला पूर आला की भिलवडीच्या पुलावरून जाणारा माझा रस्ता बंद होतो. गेल्या पावसाळ्यात असे काही दिवस शाळेत पोहोचता आले नाही आणि ते सगळे किरकोळ रजेत धरले. जिल्हाधिकाऱ्यांनी तर शाळांना सुट्टी जाहीर केली होती.

उत्तर : सुट्टीचा आदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. अशा आदेशांत बहुधा विद्यार्थ्यांना सुट्टी दिलेली असते आणि शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी शाळेत उपस्थित राहून आपत्ती व्यवस्थापनास साहाय्य करावे, असे पुढे लिहिलेले असते. शाळेत पूरग्रस्तांचा निवारा उघडला असेल तर त्या उपस्थितीला अर्थही असतो. आपल्या आदेशात कर्मचाऱ्यांनाही सुट्टी असेल, तर किरकोळ रजा धरणे चुकीचे असून ती परत जमा करण्यास लेखी सांगावे. आदेशात उपस्थितीची अट असेल, तर रस्ता बंद असल्याचा ग्रामपंचायतीचा किंवा पोलिसांचा दाखला आणि त्या दिवसांची पाटबंधारे विभागाची पाणीपातळीची नोंद जोडून विशेष नैमित्तिक रजेसाठी (म्हणजे वर्षाच्या किरकोळ रजेतून वजा न होणाऱ्या रजेसाठी) विनंती करावी. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही, पण मंजुरीच्या फाइलला तेही कागदावरच लागते. जवळच्या दुसऱ्या शाळेत किंवा निवारा केंद्रात हजर होणे शक्य असल्यास तसे करून तेथे सही करणे हा अधिक भक्कम मार्ग आहे.

प्रश्न : पाटण तालुक्यातील डोंगरी भागात माझी तीन शिक्षकांची शाळा आहे. गावच्या यात्रेच्या दिवशी दोन्ही सहकारी किरकोळ रजा मागतात. नाकारली तर वाईटपणा येतो, दिली तर मी एकटा आणि पाच वर्ग. (मुख्याध्यापक)

उत्तर : यात्रा याच गावची असेल, तर त्या दिवशी मुलेही येत नाहीत. अशा दिवसासाठी स्थानिक सुट्टी वर्षाच्या सुरुवातीलाच वार्षिक नियोजनात धरावी, फक्त वर्षातील एकूण सुट्ट्या ७६ दिवसांपलीकडे जाणार नाहीत आणि पहिली ते पाचवीसाठी किमान २०० कामाचे दिवस भरतील, हे पाहावे. यात्रा सहकाऱ्यांच्या आपापल्या गावची असेल, तर एकाला या वर्षी आणि दुसऱ्याला पुढील वर्षी, असा क्रम शिक्षकांच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहावा. नकार द्यावाच लागला तर तो अर्जावर कारणासह लिहून द्यावा. ‘बघू’ असे म्हणून अर्ज टेबलावर ठेवणे सर्वांत वाईट, कारण शिक्षक मंजुरी गृहीत धरून गावी जातो आणि तपासणीच्या दिवशी केंद्रप्रमुखांना हजेरीपत्रकात कोरा रकाना दिसतो, त्याचे उत्तर मग आपल्यालाच द्यावे लागते.